कापलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. तुम्ही आज ज्याला स्कॅनर म्हणता, त्याच्याशी माझे नाते फक्त नावापुरते. मी दाखले किंवा फोटो उतरवून घेत नाही. कागदाच्या पट्टीवर किरणोत्सारी पदार्थ कुठे आहे आणि किती आहे, ते मोजायचे आणि त्याचा आलेख काढायचा, एवढेच माझे काम होते. सध्या मी अंकुशनगरच्या एका शाळेच्या विज्ञानखोलीत काचेच्या कपाटात असतो. माझ्या एका बाजूला माणसाचा सांगाडा आहे आणि दुसऱ्या बाजूला चीर गेलेला पृथ्वीगोल. मला वीज जोडलेली नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही काचेला नाक लावून आत पाहता, तेव्हा बहुतेकांची नजर सांगाड्याकडे असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण माझ्या दोन रुळांमध्ये कागदाची एक पिवळी पडलेली पट्टी आहे. तिचा एक कोपरा कात्रीने तिरपा कापलेला आहे. तो कोपरा का कापला, एवढे मला सांगायचे आहे.

माझा जन्म १९७९ साली मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. सहा माणसांनी मला चार महिन्यांत उभे केले. ॲल्युमिनियमचे अंग, त्याला राखाडी रंग, पट्टी ओढणारे रबरी रूळ, एक शांत मोटर आणि समोरासमोर बसवलेल्या दोन नळ्या. या नळ्या म्हणजे माझे डोळे. त्यांच्यावर अभ्रकाचा पापुद्रा आहे, कांद्याच्या सालीहून पातळ. पट्टी या दोन डोळ्यांच्या मधून मिनिटाला एक सेंटिमीटर या वेगाने सरकते. तिच्यावर किरणोत्सारी पदार्थ असला की त्यातून सुटणारे कण नळीत शिरतात, आत टिचकी वाजते, आणि टिचक्या वाढल्या की माझी लेखणी आलेखाच्या कागदावर वर चढते. पदार्थ संपला की ती खाली उतरते. अशा रीतीने मी पट्टीवरचे डोंगर काढतो.

माझ्याआधी हे काम हाताने व्हायचे. पट्टीचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, एकेक तुकडा मोजणीयंत्राखाली ठेवायचा, आकडा लिहायचा आणि पुढचा तुकडा घ्यायचा. एका पट्टीला अख्खा दिवस लागे. मी ते काम चाळीस मिनिटांत करू लागलो. पट्ट्या टोकाला टोक चिकटवून दिल्या तर दहा-बारा पट्ट्या एकापाठोपाठ एक, कोणी समोर नसतानाही, मी मोजत असे. म्हणून माझ्या पाटीवर ‘स्वयंचलित’ असे लिहिले आहे. या शब्दाबद्दल पुढे बोलू.

पट्टीवर पदार्थ कसा येतो, तेही ऐका. टिपकागदावर शाईचा थेंब ठेवून कागदाचे टोक पाण्यात धरले, तर पाणी वर चढते आणि शाईतले रंग सुटे होऊन वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. हा प्रयोग तुम्ही केला असेल. आमच्याकडे शाईऐवजी पिकावरच्या औषधाचा थेंब असे. त्याला रंग नसतो, म्हणून औषध तयार करतानाच त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन गुंफलेला असे. औषध जिथे जाई तिथे ही खूण जाई. औषध मोडले, तर त्याच्या तुकड्यांबरोबर जाई. डोळ्यांना काही दिसत नसे. मला दिसे.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी मालगाडीने जालन्याला आलो. तेव्हा इथली रेल्वे अरुंद रुळांची होती. स्टेशनावरून हातगाडीवर घालून मला नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या संशोधन केंद्रात नेले. माझी खोली कोपऱ्यातली होती. फरशीवर आडवी लाल रेघ ओढलेली होती. रेघेच्या आत चहा नाही, भाकरी नाही, चपला नाहीत आणि परवानगी नसलेले माणूस नाही.

माझी पेटी फकरोद्दीनभाईंनी उघडली. ते चाळिशीचे होते. जुन्या जालन्यात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, ते बंद करून ते केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागले होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेही उर्दू शाळेत. त्यांनी माझ्यावरचा भुसा पुसला, नळ्यांवरची टोपणे काढली आणि माझ्याशी पहिले वाक्य बोलले.

“लई दुरून आल्ता तुम्ही. आधी दम घ्या, मंग कामाचं बघू.”

त्यानंतर अठरा वर्षे त्यांनी मला अहोजाहोच केले.

रोज सकाळी, कोणतेही काम सुरू करण्याआधी, ते माझ्यातून एक कोरी पट्टी चालवत. तिच्यावर काहीच नसे. तरीही मी मिनिटाला वीस-बावीस टिचक्या मोजत असे. जमिनीत, भिंतींत, आकाशातून येणाऱ्या किरणांत आणि तुमच्या-आमच्या अंगातही थोडी किरणे असतातच. फकरोद्दीनभाई तो आकडा वहीत लिहीत आणि मगच खऱ्या पट्टीला हात लावत. नवीन आलेल्या माणसांना हा वेळेचा अपव्यय वाटे. ते म्हणत, “काहीच नसताना मशीन काय म्हणतंय हे माहीत नसलं, तर काही असताना काय म्हणतंय ते कसं कळंल?”

ती माझी चांगली वर्षे होती. परभणीचे प्राध्यापक मला पाहून गेले. शाळांच्या सहली आल्या. माझे आलेख चौकटीत घालून भिंतीवर लावले गेले. फक्त एक माणूस माझ्यावर कधी खूश झाले नाही. त्या गिरिजाबाई. केंद्राची झाडलोट त्या करत. लाल रेघेच्या अलीकडे केरसुणी टेकवून उभ्या राहत आणि फकरोद्दीनभाईंना टोमणे मारत.

“भाई, तुमचं हे मशीन लई सुस्त हाय. माझी म्हैस बी याच्याहून जल्दी रवंथ करती.”

“म्हैस रवंथ करून शेण देती, गिरिजाबाई. हे खरं काय ते देतं.”

“शेणाची गवरी तरी थापता येती. तुमच्या खऱ्याचं काय करू मी?”

फकरोद्दीनभाई हसत. मीही हसलो असतो. या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांना पुढे द्यावे लागले.

१९८८ सालच्या उन्हाळ्याची गोष्ट आहे. कंपनीच्या गोदामात सरकीची, म्हणजे कपाशीच्या बियांची, चारशे पोती पडून होती. पेरणीच्या बियाण्याला किडीपासून वाचवण्यासाठी औषध चोळलेले असते. शेतकरी त्याला औषध म्हणतात, पण ते विष असते. ही सरकी विकली गेली नव्हती आणि जुनी झाल्याने आता उगवणार नव्हती. ती धुऊन, वाळवून तेलगिरणीला द्यावी, असा विचार निघाला. तेल निघाले असते आणि उरलेली पेंड गुरांना गेली असती. पण धुऊन आणि चार महिने ठेवून सरकीतले विष खरोखर मोडते का? हे मोजण्याचे काम आमच्या केंद्राकडे आले.

फकरोद्दीनभाईंनी मूठभर सरकीला खूण असलेले औषध चोळले. त्यातली अर्धी तशीच ठेवली. अर्धी गोदामातल्या सरकीसारखीच धुतली आणि चार महिने ठेवली. न धुतलेल्या सरकीचा आलेख मी आधीच काढला होता. तो भिंतीवर लावलेला होता. त्यात एकच शिखर होते, सुरुवातीच्या रेषेपासून तीस सेंटिमीटरवर. अख्खे, न मोडलेले विष तिथपर्यंत चढते. विष मोडले तर त्याचे तुकडे एवढे चढत नाहीत. ते दहा सेंटिमीटरच्या आसपास थांबतात, आणि ते तुकडे गुरांना बाधत नाहीत हे आधीच्या प्रयोगांत दिसले होते. म्हणजे प्रश्न सरळ होता. धुतलेल्या सरकीचे शिखर दहावर येते की तीसवर?

धुतलेल्या सरकीच्या अर्काचे थेंब ठेवून सहा पट्ट्या तयार झाल्या आणि त्याच आठवड्यात फकरोद्दीनभाईंच्या पत्नीच्या डोळ्यांचे ऑपरेशन औरंगाबादला ठरले. त्यांना पाच दिवस सुट्टी हवी होती. काम प्रीतीताईंकडे आले.

प्रीतीताई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. नुकत्याच एम.एस्सी. होऊन लागल्या होत्या. त्यांचे वडील पुंजाराम शेतकरी. घराण्यात पदवी घेणारी ही पहिलीच मुलगी. हातातली वही नीटनेटकी, पेन्सिलला नेहमी टोक. माझे माहितीपुस्तक त्यांनी दोनदा वाचले होते. माझ्यावर आतापर्यंत ज्यांनी काम केले, त्यांत त्या निष्काळजी अजिबात नव्हत्या, हे मी आधीच नोंदवून ठेवतो.

“पट्ट्या पाकिटात हायेत, बेटा,” सोमवारी निघताना फकरोद्दीनभाई म्हणाले. “सुकून तयार हायेत. फक्त चालवायच्यात.”

“आधी कोरी चालवू ना, चाचा?”

“हे बराबर. आधी कोरी.” ते खूश होऊन गेले.

दोघांकडूनही एक गोष्ट बोलायची राहून गेली. त्यात लपवाछपवी नव्हती. ही गोष्ट बोलायची असते, हेच दोघांना माहीत नव्हते.

प्रत्येक पट्टीवर पेन्सिलच्या दोन रेषा असतात. एक सुरुवातीची, जिथे थेंब ठेवला. दुसरी शेवटची, जिथपर्यंत द्रव चढला. दोन्ही सारख्याच दिसतात. मधोमध पट्टीचा क्रमांक असतो. क्रमांक सुलटा धरला की सुरुवातीची रेषा डावीकडे, असे प्रीतीताईंना कॉलेजात शिकवले होते. माझ्या माहितीपुस्तकातही तसेच चित्र आहे. पण फकरोद्दीनभाई उर्दू शाळेत शिकलेले. त्यांचा हात उजवीकडून सुरू होई. अगदी पहिल्या दिवसापासून ते सुरुवातीची रेषा उजव्या टोकाला आखत आणि उजवे टोक आधी माझ्यात घालत. आलेख बरोबरच येई. आखणारा, चालवणारा आणि वाचणारा माणूस एकच होता, त्यामुळे नऊ वर्षांत कोणी काही विचारले नाही.

मंगळवारी प्रीतीताईंनी कोरी पट्टी चालवली. आकडा एकवीस आला. मग त्यांनी सहाही पट्ट्या एकामागे एक चिकटवल्या आणि डावे टोक आधी माझ्या रुळांत दिले.

मला ते टोक शिरतानाच कळले असेल, असे तुम्हाला वाटेल. नाही कळले. मला रेषा दिसत नाहीत, क्रमांक दिसत नाहीत. मला फक्त टिचक्या कळतात. मी सहा पट्ट्या मोजल्या आणि सहा शिखरे काढली. सहाही दहा सेंटिमीटरवर आली.

प्रीतीताईंनी मोजपट्टी लावून पुन्हा पाहिले. भिंतीवरचे शिखर तीसवर, यांची दहावर. विष मोडले होते. त्यांचा चेहरा उजळला. तो त्यांचा पहिला स्वतंत्र अहवाल होता. बुधवारी सकाळी त्यांनी सही केली.

दुपारी गिरिजाबाई लाल रेघेशी येऊन थांबल्या. त्या दिवशी टोमणा नव्हता.

“बाई, त्या धुतलेल्या सरकीची पेंड निघणार म्हन्त्यात. स्वस्तात देणारेत म्हणं. माझी म्हैस सात महिन्यांची गाभण हाय. तिला चालंल का?”

प्रीतीताई आलेख घेऊन रेघेपर्यंत आल्या. त्यांनी गिरिजाबाईंना शिखर दाखवले, भिंतीवरचे दाखवले आणि काय बदलले ते समजावून सांगितले. गिरिजाबाईंना अक्षर येत नव्हते. पण त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले.

“म्हंजी चालंल?”

“चालेल, मावशी. कागदावर आलंय.”

गुरुवारी साठ पोत्यांचा पहिला ट्रक गिरणीला गेला.

शनिवारी सकाळी फकरोद्दीनभाई परतले. त्यांनी माझ्यावरचे कापड काढले, कोरी पट्टी लावली, आणि ती सरकत असताना प्रीतीताईंचा आलेख हातात घेतला. आधी त्यांनी मान हलवली. मग मान हलायची थांबली.

“बेटा, हा उतार बघ.”

“कोणता, चाचा? शिखर दहावर आहे.”

“शिखर राहू दे. उतार बघ म्हणून राह्यलो.”

मित्रांनो, आता नीट ऐका. कागदावर पदार्थ चढतो तेव्हा त्याचे तोंड पुढे असते आणि थोडा पदार्थ मागे रेंगाळतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक डोंगराला एका बाजूने कडा असतो आणि दुसऱ्या बाजूने लांब उतार. उतार नेहमी सुरुवातीच्या रेषेकडे असतो, कारण पदार्थ तिथूनच आलेला असतो. भिंतीवरच्या आलेखात उतार डावीकडे होता. प्रीतीताईंच्या सहाही शिखरांना तो उजवीकडे होता.

फकरोद्दीनभाईंनी भिंतीवरचा आलेख काढून खिडकीच्या काचेवर धरला. प्रीतीताईंचा आलेख त्यांनी पाठमोरा केला आणि त्याच्यावर ठेवला. बाहेर ऊन लख्ख होते. दोन्ही डोंगर एकमेकांवर तंतोतंत बसले. कड्यावर कडा, उतारावर उतार.

प्रीतीताई काचेकडे बघत राहिल्या.

“तू कोणतं टोक आधी घातलं?” फकरोद्दीनभाईंनी हळू आवाजात विचारले.

“डावं.”

“मी उजवीकडून आखतो.” ते स्टुलावर बसले. “नऊ वर्षं झाली. कुणाला सांगितलं न्हाई. कुणी विचारलं न्हाई.”

मी खोटे लिहिले नव्हते. उलटी पट्टी उलटी लिहिली होती, आणि ती उलटी आहे हेही सहा वेळा लिहिले होते, उतारात. सगळे शिखराकडे पाहत होते.

प्रीतीताईंनी पहिली पट्टी सोडवली आणि उजवे टोक आधी माझ्यात घातले. मी माझ्या वेगानेच चालू शकतो. मिनिटाला एक सेंटिमीटर. दहा मिनिटे झाली, लेखणी जमिनीलगत. पंधरा, वीस. गोदामाकडून दुसरा ट्रक भरताना हमालांचा आवाज येत होता. त्या चाळीस मिनिटांत मला स्वतःच्या सुस्तपणाची जेवढी लाज वाटली, तेवढी आधी किंवा नंतर कधी वाटली नाही. पंचविसाव्या मिनिटाला लेखणी सावकाश चढू लागली. तिसाव्या मिनिटाला शिखर आले. विष अख्खे होते. धुऊन काहीही झाले नव्हते.

केंद्राचे प्रमुख मच्छिंद्र साहेब बोलावल्यावर आले. वाईट माणूस नव्हते, पण गोदाम रिकामे करण्याची तारीख त्यांच्या डोक्यावर होती.

“एका पट्टीवरून ट्रक थांबवू? बाकी पाच पट्ट्या चालवा आधी. सोमवारी बघू.”

“साहेब, पाचही अशाच येतील,” प्रीतीताई म्हणाल्या. “सही माझी आहे. मी ती मागे घेते.”

“सही मागे घेता येते का कधी?”

“लिहून घेता येते.”

फकरोद्दीनभाई उठून उभे राहिले. “साहेब, तिची काय चूक न्हाई. पट्टी मी आखली. माझ्या नावानं लिहा.”

“चाचा, टोक मी घातलं.”

“तुला मी सांगितलं न्हाई.”

“मी विचारलं नाही.”

“तुम्ही दोघं भांडून काय ते ठरवा,” साहेब म्हणाले आणि फोनकडे गेले. पण त्यांनी ट्रक थांबवला, आणि गिरणीला फोन लावला. एवढे श्रेय त्यांचे आहे.

पुढचे मी पाहिलेले नाही. मी खोली सोडून कधी कुठे गेलो नाही. जे कानावर आले ते सांगतो. साठ पोत्यांपैकी अकरा पोती गाळून झाली होती. तेल अजून विकले गेले नव्हते, ते बाजूला काढून नष्ट केले गेले. उरलेली सरकी परत आली. पेंडीची तीन पोती शुक्रवारी गिरणीच्या दारावर विकली गेली होती. दोन जशीच्या तशी परत मिळाली. तिसरे गिरिजाबाईंनी नेले होते.

प्रीतीताई त्यांच्या घरी पोचल्या तेव्हा म्हशीला दोन वेळची पेंड घालून झाली होती.

सोमवारी गिरिजाबाई आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी आल्या, लाल रेघेशी केरसुणी टेकवली आणि म्हणाल्या, “म्हशीनं गाभ टाकला. रेडकू पुरं झाल्तं. मादी होती.”

प्रीतीताईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“म्हैस जगंल म्हन्तो डॉक्टर. पण दूध तोडलंय तिनं.”

गाभ त्या पेंडीनेच पडला का, हे मला सांगता येणार नाही. गिरणीतल्या सरकीवर माझ्या ओळखीची खूण नव्हती, त्यामुळे त्या पेंडीत किती विष होते हे मी मोजू शकत नव्हतो. डॉक्टरांनीही नक्की काही सांगितले नाही. मी मोजलेले तेवढेच सांगतो, ही माझी सवय आहे. पण त्या दिवशी प्रीतीताईंनी ही पळवाट घेतली नाही. त्या रेघ ओलांडून बाहेर आल्या आणि गिरिजाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

“मावशी, मी तुम्हाला चालेल म्हणाले होते. कागद उलटा गेला होता. चूक माझ्याकडून झाली.”

गिरिजाबाईंनी केरसुणी उचलली.

“कागद उलटा गेला,” त्या म्हणाल्या. “मंग त्याच्यावर खूण न्हाई व्हय करत, की हिकून घाला म्हणून? पोत्याचं तोंड कुठं असतं ते हमालाला बी कळतं. तुमच्या कागदाला तोंडच न्हाई?”

मी स्वयंचलित होतो. मला काय भरवले जाते, हे विचारण्याची सोय माझ्यात कोणी ठेवली नव्हती.

रविवारी प्रीतीताईंचे वडील पुंजाराम आपली वगार, म्हणजे तरुण म्हैस, घेऊन गिरिजाबाईंच्या दारात गेले. हे मला गिरिजाबाईंच्याच तोंडून कळले. केर काढता काढता त्या फकरोद्दीनभाईंना सांगत होत्या.

“म्हातारा दावं हातात घेऊन उभा. म्हन्ला, लेकीच्या हातून झालं, ठिवून घ्या. मी म्हन्लं, ठिवते. न्हाई म्हणायला मी काय लई मोठी माणूस न्हाई.”

“बराबर केलं.”

“बराबर काय त्यात? माझं गेलं ते गेलंच की. अन् त्या म्हाताऱ्याचं बी गेलं. तुमच्या मशीनला काय, ते बसलंय कागद चघळत.”

फकरोद्दीनभाईंनी टेबलाच्या खणातून कात्री काढली. नव्या पट्ट्यांचा गठ्ठा घेतला आणि प्रत्येक पट्टीचे सुरुवातीचे टोक धरून एक कोपरा तिरपा कापू लागले. तीस-चाळीस पट्ट्या झाल्यावर त्यांनी एक पट्टी रेघेवरून गिरिजाबाईंपुढे धरली.

“सांगा, गिरिजाबाई. कुठून घालायची?”

गिरिजाबाईंनी हात पदराला पुसला आणि कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवले. “हिकून.”

“बस. एवढंच पायजे होतं.”

त्या दिवसापासून केंद्रातली एकही पट्टी कोपरा कापल्याशिवाय माझ्यात आली नाही. फकरोद्दीनभाई शेवटपर्यंत उजवीकडूनच आखत राहिले आणि प्रीतीताई डावीकडून. दोघांच्या पट्ट्या एकाच दिवशी, एकाच लांब फितीत माझ्यातून गेल्या आणि एकदाही चूक झाली नाही. उरलेली सगळी सरकी खोल खड्डा घेऊन पुरली. प्रीतीताईंच्या नोकरीच्या कागदांत त्या अहवालाची नोंद लागली आणि त्यांची बढती दोन वर्षे पुढे गेली. त्यांनी तक्रार केली नाही. मागे घेतलेल्या सहीचा कागद मात्र त्यांनी भिंतीवर लावला, जिथे पूर्वी माझा चौकटीतला आलेख होता.

पुढची वर्षे लवकर सांगून होतील. नवी यंत्रे आली. त्यांना पट्टी लागत नाही, ती द्रवात मोजतात आणि आकडे पडद्यावर दाखवतात. ती माझ्याहून चांगली आहेत. माझे काम आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा असे झाले. १९९७ साली फकरोद्दीनभाई निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सत्कार, नारळ, शाल झाली आणि मग ते एकटे माझ्या खोलीत आले. सवयीप्रमाणे त्यांनी एक कोरी पट्टी घेतली, कात्री काढली आणि कोपरा कापला.

गिरिजाबाई रेघेशी होत्याच. त्याही आता थकल्या होत्या.

“भाई, कोऱ्या कागदाला काय तोंड अन् काय शेपूट? त्याचा कोपरा कशाला कापताय?”

“कागदासाठी न्हाई कापून राह्यलो. हातासाठी कापतो. हातानं एक दिवस सोडलं की दुसऱ्या दिवशी बी सोडतो.”

पट्टी अर्धी सरकली आणि त्यांनी बटण बंद केले. आकडा वहीत लिहिला. एकवीस. मग माझ्यावर कापड घातले.

त्या कापडाखाली मी किती वर्षे होतो, ते नीट सांगता येत नाही. रबरी रूळ चिरले. पालींनी माझ्या मोटरीमागे अंडी घातली. माझी तपासणी करण्यासाठी बसवलेली बारीक किरणोत्सारी चकती नियमाप्रमाणे काढून मुंबईला परत पाठवली गेली, म्हणून आज मला कोणीही हात लावला तरी धोका नाही. एकदा भंगाराची यादी झाली. तिच्यात माझे नाव चौथे होते. तोपर्यंत प्रीतीताई केंद्राच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी ते नाव खोडले, आणि स्वतः निवृत्त होताना मला या शाळेकडे सोपवले. फकरोद्दीनभाई आता नाहीत. गिरिजाबाईही नाहीत.

प्रीतीताई वर्षातून एकदा इथे येतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या कपाट उघडतात, माझी धूळ पुसतात आणि तुम्हाला माझे डोळे, रूळ, लेखणी दाखवतात. मी काय काय मोजले, ते त्या थोडक्यात सांगतात. पण सुरुवात नेहमी एका वाक्याने करतात. “मी एका बाईंना चालेल असं सांगितलं होतं.” मग थोडा वेळ थांबतात. तुम्हाला वाटते त्या पुढचे विसरल्या. त्या काही विसरलेल्या नाहीत.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, हे मी मागणारच. प्रत्येक जुने यंत्र ते मागते. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या हातात उद्या माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रे येतील. ती झटकन उत्तर देतील आणि त्यांच्यावरही ‘स्वयंचलित’ असेच लिहिलेले असेल. त्यांचे शिखर पाहाल तेव्हा उतारही पाहा. आणि कोणाला ‘चालेल’ असे सांगण्याआधी विचारा, कागद कोणत्या टोकाने आत गेला होता, आणि तो कोणी आखला होता. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारलेल्या एका प्रश्नापायी कदाचित एक रेडकू जन्मायचे राहिले.

कपाटाला कुलूप नाही. कधी उघडाल तर माझे रूळ हाताने फिरवून बघा, ते अजून फिरतात. ती पिवळी पट्टी फकरोद्दीनभाईंची शेवटची पट्टी आहे. ती कोरी आहे. बाहेर काढलीत तर हरकत नाही. फक्त परत घालताना आधी कापलेला कोपरा शोधा.